ब्रह्मराक्षसाकडे वळून बघा!

दोस्तांनो, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

थांबा! लगेच ‘आपण नाही बुवा कशाला भीत’ असं म्हणू नका. आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघून घ्या आणि मनातल्या मनात खरं उत्तर द्या. दिलंत? मग आता पुढे वाचा.

गेल्या पावसाळ्यात मी एका शाळेत गोष्ट सांगायला गेलो होतो. सातवीचा वर्ग. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे खेळाचा तास बुडालेला आणि मुलं हिरमुसलेली. गोष्ट भीतीची होती, म्हणून सुरुवातीला हाच प्रश्न विचारला. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘‘कशाचीच नाही!’’ मग काय, सगळा वर्गच शूरवीर! साध्या पालीला भिणारंसुद्धा कुणी निघेना.

म्हणून एक युक्ती केली. प्रत्येकाला वहीच्या पानाचा चतकोर तुकडा दिला. नाव लिहायचं नाही, फक्त भीती लिहायची, घडी घालायची आणि डब्यात टाकायची. बाई म्हणाल्या, ‘‘मीपण लिहिते.’’ मग मीही एक लिहिली. दहा मिनिटांत बाईंचा पोळीचा डबा चिठ्ठ्यांनी भरला. मी एकेक उघडून वाचायला लागलो.

‘अंधार. रात्री बाथरूमला जायला आईला उठवतो.’

‘पाल. झुरळ चालेल, पाल नको.’

‘गणिताचा पेपर.’

‘कुत्रा. म्हणून मी लांबच्या रस्त्याने शाळेत येते.’

‘वर्गापुढे उभं राहून बोलायची. सगळे हसतील.’

‘विहीर.’

वर्गात खसखस पिकली होती. ‘पाल’वाला कोण, याचा शोध चालला होता. पण नंतरच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि हसणं हळूहळू थांबलं.

‘आई-बाबा रात्री भांडतात तेव्हा.’

‘आजी आजारी आहे. ती गेली तर?’

‘बाबा ट्रक चालवतात. फोन लागला नाही की वाटतं, आता ते येणारच नाहीत.’

वर्ग चिडीचूप. नुसता पावसाचा आवाज. खरं सांगतो, क्षणभर मलाही काय बोलावं ते सुचेना. त्या वेळी पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी त्या डब्यातल्या चिठ्ठ्या आपण मिळून एकेक करून सोडवू.

तोंडचं पाणी खरंच पळतं!

आपल्या भाषेत भीतीचे वाक्प्रचार किती आहेत बघा. छातीत धडधडणं, पोटात गोळा येणं, तोंडचं पाणी पळणं, अंगावर काटा येणं, हातपाय गार पडणं. परीक्षेत वाक्यात उपयोग करताना आपण ते पाठ करतो. पण गंमत अशी, की यातला एकही वाक्प्रचार खोटा नाही!

आपल्या मेंदूत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक छोटा भाग असतो. त्याला ‘अमिग्डाला’ म्हणतात. हा मेंदूचा राखणदार. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ‘ॲड्रिनलिन’ नावाचं रसायन रक्तात मिसळतं आणि सगळं शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं. हृदय जोरात रक्त ढकलतं, ती धडधड. पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, तो पोटातला गोळा. जीव वाचवायच्या वेळी कोण जेवत बसणार? म्हणून तोंडात लाळ सुटणं थांबतं, ते पळालेलं पाणी. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हात गार. आणि अंगावरचा काटा? चिडलेलं मांजर केस फुलवून मोठं दिसतं ना, तीच युक्ती. आपल्या अंगावर तेवढे केस उरलेले नाहीत, इतकंच.

आणि ही घंटा विचार करायच्या आधी वाजते. चार्ल्स डार्विन हे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. एकदा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी एका विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेजवळ तोंड नेलं. सापाने फणकारा मारला तरी जागचं हलायचं नाही, असा पक्का निश्चय केला. सापाने काचेवर झडप घातली मात्र, डार्विनसाहेब टुणकन मागे! काच आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण पायांनी ते ऐकलं नाही. १८७२ साली छापलेल्या पुस्तकात त्यांनी स्वतःच ही फजिती लिहून ठेवली आहे. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची ही गत, तर पाल दिसल्यावर तुम्ही खुर्चीवर चढलात यात लाज कसली?

भीतीच नसती तर?

किती मजा आली असती, असं वाटतं ना? अमेरिकेतल्या एका बाईंची हकिगत ऐका. शास्त्रज्ञ त्यांचं नाव गुप्त ठेवतात आणि नुसतं ‘एस. एम.’ म्हणतात. एका दुर्मीळ आजाराने त्यांच्या मेंदूतले दोन्ही अमिग्डाला निकामी झाले. शास्त्रज्ञ त्यांना साप आणि मोठे कोळी ठेवणाऱ्या दुकानात घेऊन गेले. बाईंनी साप हातात घेतला, कुरवाळला, आणि धोकादायक सापांनाही हात लावू का म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. भुताचे सिनेमे त्यांनी आरामात बघितले. पण आयुष्यात चाकू-पिस्तुलाचे प्रसंगही त्यांच्यावर आले, कारण ‘इकडे जाऊ नकोस’ असं आतून सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणजे भीती हा शत्रू नव्हे, राखणदार आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांची भीती ही शहाणी भीती. शेतात साप दिसला तर लांब राहा आणि मोठ्यांना हाक मारा. तिथे शौर्य नको! पण राखणदार कधी कधी वेंधळा असतो. चोर आला तरी भुंकतो आणि पोस्टमन आला तरी भुंकतो. अंधारात टांगलेला सदरा बघून भुंकतो, तो हाच. त्याला हाकलायचं नसतं, शिकवायचं असतं. कसं?

विहीर आणि ससा

‘विहीर’ ही चिठ्ठी माझी होती.

मी आठ वर्षांचा असताना मामाच्या गावी मोठ्या मुलांनी मला विहिरीत ढकललं. ‘‘ढकललं की आपोआप येतं पोहायला,’’ असं एक शास्त्र तेव्हा होतं. नाकातोंडात पाणी गेलं, डोळ्यांपुढे हिरवा अंधार. मला वर काढलं खरं, पण पुढची तीन वर्षं मी त्या विहिरीच्या वाटेनेही गेलो नाही. पोरं ‘भित्रा भित्रा’ म्हणून चिडवायची. भीती काही कमी झाली नाही, उलट वाढली.

मग एका सुट्टीत आईचे काका, आप्पा, म्हणाले, ‘‘पोहायचं नाही रे. नुसता माझ्याजवळ बस.’’ पहिल्या दिवशी आम्ही विहिरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून शेंगा आणि गूळ खाल्ला. बस्स! दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या खाली. चौथ्या दिवशी पाय पाण्यात. मासे तळव्यांना गुदगुल्या करायचे, मला हसू यायचं. मग कमरेएवढं पाणी. मग पाठीला रिकामा डबा बांधून, पोटाखाली आप्पांचा हात. एकदा माझा पाय घसरला, दोन घोट पाणी प्यालो आणि पुन्हा सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसलो. आप्पा रागावले नाहीत. ‘‘उद्या परत शेंगांपासून,’’ म्हणाले. सुट्टी संपेपर्यंत मी विहीर आडवी पोहत होतो.

आप्पांनी मेरी कव्हर जोन्स हे नाव कधी ऐकलं नसणार. पण या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं हेच केलं होतं. त्यांच्याकडे पीटर नावाचा मुलगा होता, तीन वर्षांचाही नव्हता. तो सशाला घाबरायचा. नुसता ससाच नव्हे, केसाळ कोट आणि कापूस बघूनही रडायचा. जोन्सबाईंनी काय करावं? पीटर उंच खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायचा, पण दूर, पीटरचं खाणं थांबणार नाही इतक्या अंतरावर. मग हळूहळू थोडा जवळ, आणखी थोडा जवळ. न घाबरणारी दुसरी मुलंही शेजारी खेळायला ठेवायची. मध्येच पीटरला मोठा ताप आला, तो बरेच दिवस इस्पितळात होता, आणि परत येताना एक दांडगा कुत्रा अंगावर आला. झालं! सगळी भीती परत आली. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी तोच पीटर सशाला कुरवाळू लागला आणि त्याला स्वतःची बोटं कुरतडू देऊ लागला. १९२४ साली जोन्सबाईंनी हा प्रयोग छापून प्रसिद्ध केला. आजही डॉक्टर भीतीवर जो इलाज करतात, त्याचं मूळ तिथे आहे.

यातली गोम काय? आपण पळालो की राखणदाराला वाटतं, ‘पळालो म्हणून वाचलो!’ पुढच्या वेळी तो आणखी जोरात भुंकतो. लांबच्या रस्त्याने येणाऱ्या मुलीचा कुत्रा म्हणूनच रोज थोडा थोडा मोठा होत जातो. पण थोडं जवळ जाऊन, घाबरत का होईना, थांबलो की तो शिकतो, ‘अरे, थांबलो तरी काही झालं नाही!’ कुत्र्याच्या बाबतीत सुरुवात मात्र रस्त्यावरच्या नको, ओळखीच्या घरातल्या, साखळीला बांधलेल्या गरीब कुत्र्यापासून करावी. आणि विहिरीत किंवा नदीत पोहणाऱ्या मोठ्या माणसाशिवाय कधीच उतरू नये.

अंधाराचा जिना

‘आईला उठवतो’वाल्या मित्रा, हे तुझ्यासाठी. एका पायरीवर कंटाळा येईपर्यंत थांबायचं, मगच पुढची.

१. आई दाराशी उभी. आपण अंधाऱ्या खोलीत वीस आकडे मोजायचे.

२. आई शेजारच्या खोलीत. आपण तिच्याशी मोठ्याने गप्पा मारत उभं राहायचं.

३. गप्पा बंद. शंभर आकडे मोजायचे.

४. टॉर्च हातात, पण बंद. बाथरूमपर्यंत जाऊन यायचं.

५. टॉर्च उशाशी ठेवून जायचं.

छाती धडधडली तर श्वास चार आकड्यांत घ्यायचा आणि सहा आकड्यांत सावकाश सोडायचा. श्वास लांबवर सोडला की हृदयाचा वेग उतरतो. आपल्या हातात असलेला हा एकच लगाम, पण चांगला आहे.

बॅरिस्टरसाहेब खाली बसले

आता ‘सगळे हसतील’ ही चिठ्ठी. राजकोटला शिकणारा एक मुलगा होता. चोर, भुतं आणि साप या तिघांची त्याला इतकी भीती, की रात्री दाराबाहेर पाऊल टाकत नसे आणि खोलीत दिवा असल्याशिवाय झोपत नसे. पुढे तो विलायतेला शिकायला गेला. तिथल्या एका सभेत स्वतः लिहून आणलेलं छोटंसं भाषणही त्याला वाचता आलं नाही, ते दुसऱ्याने वाचलं. १८९१ मध्ये तो बॅरिस्टर होऊन आला. मुंबईच्या कोर्टात पहिला खटला मिळाला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभा राहिला आणि डोकं गरगरलं. एकही प्रश्न सुचेना. ‘हे काम माझ्याने होणार नाही’ असं सांगून फी परत करून तो निघून गेला.

ओळखलंत? मोहनदास करमचंद गांधी! हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहिलं आहे.

मग असं काय झालं, की याच माणसाचं बोलणं ऐकायला पुढे लाखो लोक जमू लागले? १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे हिंदी लोकांचे होणारे अपमान त्यांनी पाहिले आणि सोसले. प्रिटोरियात त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलावली, विषयाची नीट तयारी केली आणि बोलले. ते आपलं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण, असं त्यांनी म्हटलं आहे. कोर्टात त्यांच्या मनात ‘माझं कसं होईल’ होतं. प्रिटोरियात ‘या लोकांचं कसं होईल’ होतं, असं मला वाटतं. लक्ष स्वतःवरून उठून कामावर गेलं, की भीतीला बसायला जागा कमी उरते. म्हणून वक्तृत्व स्पर्धेत ‘सगळे माझ्याकडे बघताहेत’ असं मनात आलं, तर समोरच्या एकाच मित्राकडे बघा आणि ही गोष्ट त्याला समजावून सांगायची आहे, एवढंच ठरवा.

मॅचच्या आदल्या रात्री

गणिताच्या पेपरवाल्यांनो, तुमच्या जोडीला कोण आहे माहीत आहे? सचिन तेंडुलकर! २०१३ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर शंभर आंतरराष्ट्रीय शतकं होती. पण २०२१ मध्ये त्याने एका कार्यक्रमात सांगितलं, की दहा-बारा वर्षं मॅचच्या आधी त्याला अस्वस्थ वाटायचं आणि कित्येक रात्री झोप लागायची नाही. सुरुवातीला तो या अस्वस्थपणाशी झगडायचा. मग त्याने मान्य केलं, की हीसुद्धा माझ्या तयारीचीच एक रीत आहे. झोप नाही आली तर तो टीव्ही बघायचा, व्हिडिओ गेम खेळायचा. सकाळी स्वतःचा चहा करायचा, कपड्यांना इस्त्री करायचा. बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवायचा.

म्हणजे भीती जाईपर्यंत तो थांबला नाही. तिला बरोबर घेऊनच मैदानात उतरला. तुम्हीही पेपरच्या आदल्या रात्री कंपासपेटी भरा, पेन चालतं का बघा, गणवेशाला इस्त्री करा. हात कामात असले की मन थोडं निवतं. आणि अर्थात, आधी गणितं सोडवलेली असली पाहिजेत हं! सचिनने नेटमध्ये किती घाम गाळला तेही विसरू नका.

जिथे जिना नसतो

पण ट्रक चालवणाऱ्या बाबांची चिठ्ठी? आजीची चिठ्ठी? रात्रीच्या भांडणाची? तिथे कुठला जिना बांधणार? या भीत्या वेंधळ्या राखणदाराच्या नाहीत. त्या प्रेमातून आलेल्या असतात. ज्यांच्यावर जीव असतो त्यांचीच काळजी वाटते. अशा भीतीवर एकच उपाय मला माहीत आहे. ती एकट्याने सांभाळायची नाही.

त्या दिवशी वर्गात मी ती चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली आणि विचारलं, ‘‘घरच्यांना यायला उशीर झाला, की आणखी कोणाला असं वाटतं?’’ आधी कुणीच हललं नाही. मग खिडकीजवळचा एक हात वर गेला. मग दुसरा. मग चार-पाच. आणि मग बाईंचाही. थोड्या वेळाने निम्म्याहून जास्त वर्गाचे हात वर होते. ‘कशाचीच नाही’ म्हणणाऱ्या मागच्या बाकावरचेही! सगळे एकमेकांकडे बघत होते. कुणी हसलं नाही.

त्या हातांमुळे बाबांचा फोन लागला असेल का? नाही. पण ज्याची ती चिठ्ठी होती, त्याला त्या दिवसापासून माहीत आहे, की रात्री अंथरुणात जागा असलेला तो एकटाच नाही.

म्हणून सांगा. आईला, आजीला, मोठ्या बहिणीला, बाईंना, जिवलग दोस्ताला. बाबांना म्हणा, ‘‘रात्री मुक्कामाला पोचलात की एक मिस्ड कॉल द्या.’’ बोलताना रडू येत असेल तर चिठ्ठी लिहून द्या. आणि जर कुणी तुम्हाला मारत असेल, नको तिथे हात लावत असेल आणि वर ‘कुणाला सांगितलंस तर बघ’ असं धमकावत असेल, तर ती भीती सगळ्यात आधी सांगायची. घरात सांगण्यासारखं कुणी नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर रात्रंदिवस चालू असतो. त्याला पैसे पडत नाहीत.

आई-बाबांसाठी चार ओळी

‘जेव, नाहीतर बागुलबुवा येईल’, ‘पोलीस पकडून नेतील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’ हे आपण सहज बोलतो. पण अडचणीच्या वेळी मुलाने ज्यांच्याकडे धावायचं, त्या पोलिसाला आणि डॉक्टरलाच आपण बागुलबुवा करून ठेवतो. ‘मुलगा असून घाबरतोस?’ याने भीती जात नाही, ती फक्त लपते. ढकलूही नका आणि कायम पदराआडही ठेवू नका. शेजारच्या पायरीवर शेंगा खात बसा. स्वतःची एखादी भीती मुलांना सांगा. आणि भीतीमुळे मुलाची झोप, जेवण किंवा शाळा आठवडेच्या आठवडे बिघडत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला लाजू नका. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या नंबरवरही मोफत सल्ला मिळतो. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो, तसंच हे.

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. जो पळतो त्याच्याच पाठी तो लागतो. तर मग एकदा थांबून, कुणाचा तरी हात धरून, वळून बघा. कधी तो खुंटीवरचा सदरा निघेल. कधी खरोखरच अवघड गोष्ट निघेल, पण निदान तिचं तोंड तरी दिसेल.

त्या शाळेतल्या बाईंचा मागच्या महिन्यात फोन आला होता. पोळीचा डबा त्यांनी वर्गातल्या कपाटात कायमचा ठेवून दिला आहे. दर शनिवारी उघडतात. त्यांची स्वतःची चिठ्ठी कोणती होती, ते वर्गाला अजून ओळखता आलेलं नाही. मला आलंय, पण मी सांगणार नाही!

आणि हो, सुरुवातीला मनातल्या मनात जे उत्तर दिलंत ना, ते आता एका चतकोर कागदावर लिहा. मग ठरवा, ते कोणाच्या हातात द्यायचं.